आलेखाची सपाट शेपटी आणि ‘कायमचे बरे’ झालेले रुग्ण

थिसिस लिहिणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा: तोंडाच्या कर्करोगाचे ३१२ रुग्ण, सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. पुन्हा आजार न होता जगण्याचा कॅपलन-मायर आलेख (कोणत्या वेळी किती टक्के रुग्ण अजून आजारमुक्त आहेत ते दाखवणारी उतरती रेषा) चार वर्षांनंतर ४१ टक्क्यांवर सपाट होतो. त्या वेळी पाहणीत २९ जण उरलेत, पाच वर्षांना ११, सहा वर्षांना ४. रिव्ह्यूअर म्हणतो, गटागटांतल्या धोक्याची तुलना करणारं नुसतं कॉक्स मॉडेल चालणार नाही, काही रुग्ण कायमचे बरे होतात असं धरणारं क्युअर मॉडेल बसवा. बसवलं. ‘३९ टक्के रुग्ण कायमचे बरे झाले’ असं उत्तर आलं. हे थिसिसमध्ये लिहू का, आणि ओपीडीत रुग्णाला सांगू का?

पहिल्याचं उत्तर, आज तरी नको. दुसऱ्याचं, हा आकडा नको, दुसरा एक सांगता येईल. त्याकडे शेवटी येते. मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं कर्करोगाच्या रुग्णांचे असेच तक्ते चाळत आले आहे. त्यातली पहिली काही वर्षं मीही सपाट शेपटी दिसली की खूश व्हायचे, हे आधीच कबूल करते.

रिव्ह्यूअरचं म्हणणं चुकीचं नाही. तोंडाच्या कर्करोगात आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणजे तुमच्या ३१२ जणांत दोन जातींची माणसं मिसळलेली आहेत: ज्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर काहीच शिल्लक राहिलं नाही ते, आणि ज्यांच्यात राहिलं ते. कोण कुठला हे त्या दिवशी कळत नाही. हे गणितात मांडायची कल्पना जुनी आहे. बोग यांनी १९४९ साली ‘बरे झालेल्यांचं प्रमाण’ काढायची रीत प्रसिद्ध केली, १९५२ साली मेयो क्लिनिकच्या बर्कसन आणि गेज यांनी तिला आज आपण वापरतो ते सुटसुटीत रूप दिलं, आणि १९८२ साली फेअरवेल यांनी त्यात वय, स्टेज अशा गोष्टी घालायची सोय केली. (हेच बर्कसन धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो या निष्कर्षावर बराच काळ शंका घेत राहिले. तंबाखूच्या रुग्णांवर त्यांचंच मॉडेल वापरताना मला दरवेळी हे आठवतं.)

मॉडेल एका ओळीचं आहे. ‘ब’ म्हणजे बरे होणाऱ्यांचं प्रमाण आणि ‘न’ म्हणजे उरलेल्यांपैकी त्या वेळेपर्यंत आजार न उलटलेल्यांचं प्रमाण धरलं, तर

आजारमुक्त जगणं = ब + (१ − ब) × न

काळ जाईल तसा ‘न’ शून्याकडे जातो आणि आलेख ‘ब’वर टेकतो. दुसरी एक मांडणी आहे, जिच्यात प्रत्येकाच्या शरीरात उरलेल्या जोमदार पेशींची संख्या प्वासाँ वाटणीने (मोजून येणाऱ्या संख्यांचं एक ठरीव गणिती सूत्र) येते असं धरतात आणि ती संख्या शून्य असण्याची शक्यता म्हणजे बरं होणं. तत्त्वज्ञान वेगळं असलं तरी तुमच्या कामापुरता फरक थोडा आहे, त्यात शिरत नाही.

कॉक्स मॉडेलची अडचण समजून घ्या, कारण रिव्ह्यूअरला तिथेच बोट ठेवायचं आहे. हॅझर्ड रेशो, म्हणजे ते मॉडेल देतं ते दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, हा एकच आकडा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो: उपचाराने जास्त माणसं वाचली, की मरणाऱ्यांचं मरण नुसतं पुढे ढकललं गेलं. टाटा मेमोरियलची मानेच्या शस्त्रक्रियेची चाचणी आठवा, २०१५ सालची. मानेतल्या लसीकाग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८०.० टक्के रुग्ण जिवंत, तिथे गाठ दिसल्यावर काढल्या तर ६७.५ टक्के. हॅझर्ड रेशो ०.६४. सर्जनला खरं विचारायचं असतं ते हे, की या साडेबारा टक्क्यांतले किती जण सुटले आणि किती जणांना नुसती मुदतवाढ मिळाली? उलटायचा आजार बहुतांशी दोन वर्षांतच उलटतो हे माहीत असल्यामुळे मी तरी ‘बहुतेक सुटले’ असं वाचते. पण ते माझं वाचन हॅझर्ड रेशोतून आलेलं नाही, आजाराच्या स्वभावातून आलं आहे.

आता तुमची शेपटी. पाच वर्षांना ११ जण आहेत आणि त्यानंतर कोणाचाच आजार उलटला नाही. छान. पण ११ पैकी शून्य घटना घडल्या तर खरा धोका किती असू शकतो याची ९५ टक्के विश्वासाची वरची सीमा जवळजवळ २४ टक्के येते, आणि तीही हे अकराच्या अकरा जण पूर्ण काळ पाहिले गेले असं धरून. म्हणजे तुमचा आलेख जिथे सर्वांत ठाम दिसतो तिथेच त्याला सर्वांत कमी माहिती आहे. सपाट रेषेचा अर्थ ‘कोणी गेलं नाही’ असाही होतो आणि ‘जायला कोणी उरलंच नव्हतं’ असाही.

मॉडेल यातून सोडवेल असं वाटत असेल तर कागदावर हे करून पाहा. एक काल्पनिक आजार घ्या, ज्यात ४० टक्के बरे होतात आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांचा आजार दरवर्षी उलटतो. आजारमुक्त राहणारे पहिल्या वर्षाअखेर ७० टक्के, दुसऱ्या ५५, तिसऱ्या ४७.५. आता त्याच आकड्यांवर साधं वायबुल (काळाबरोबर बदलणाऱ्या धोक्याचं एक ठरीव सूत्र) बसवा, ज्यात बरं होणं नावाची गोष्टच नाही, फक्त धोका हळूहळू कमी होत जातो. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या बिंदूंतून ते नेलं तर ७० आणि ४७.५ तंतोतंत जमतात, दुसऱ्या वर्षी ५७ येतात. ५५ आणि ५७! शंभर रुग्णांच्या अभ्यासात त्या जागी प्रमाणदोषच, म्हणजे नमुन्यामुळे येणारी सहज चूकच, पाच टक्क्यांची असते. दोन्हींतलं खरं कोणतं हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. आणि दहाव्या वर्षी? क्युअर मॉडेल ४० टक्के म्हणतं, वायबुल १९. तीन वर्षांपर्यंत हातात हात घालून चाललेल्या दोन रेषा नंतर अशा फाकतात, आणि त्या फाकण्याबद्दल तुमच्या माहितीत अक्षरही नसतं. ‘ब’ हा आकडा तुम्ही ‘न’साठी निवडलेल्या वाटणीने, म्हणजे सूत्राने, ठरवलेला असतो. म्हणूनच वायबुल काढून लॉगनॉर्मल हे दुसरं सूत्र घातलं की तो बदलतो. तुम्ही बदलून पाहिलंत का? लॉगनॉर्मलची स्वतःचीच शेपटी लांब असते, त्यामुळे ‘बरे’ बहुधा कमी निघतात. ३९ चे २८ झाले तर मला नवल वाटणार नाही. एआयसीवरून, म्हणजे मॉडेल माहितीला किती जुळतं याच्या गुणांवरून, निवाडा करू नका. तो आकडा आलेखाच्या गर्दीच्या भागावर ठरतो, शेपटीवर नाही.

म्हणून सपाटपणा कमवावा लागतो. तो कमवायची एकच रीत आहे: शेवटचा आजार उलटल्यानंतरही पुष्कळ माणसं पुष्कळ काळ डोळ्यांसमोर असणं. तुमचा मध्यक फॉलो-अप किती ते काढा, आणि तो सरसकट सगळ्या रुग्णांचा मध्यक म्हणून काढू नका. कॅपलन-मायरच उलटा लावा, म्हणजे घटनेला सेन्सॉर (घटना न घडताच ज्याची पाहणी संपली तो) आणि सेन्सॉरला घटना समजून. तोंडाच्या कर्करोगात तो पाच वर्षांच्या पुढे असेल तर बोलणं सुरू करता येईल. तुमच्या तक्त्यावरून तो तीनच्या आसपास असावा असा माझा अंदाज आहे.

आणि आता ज्याच्यावर मला खरं बोलायचं आहे ते: २९ चे ११ झाले, ते मधले अठरा गेले कुठे?

कॅपलन आणि मायर यांचा १९५८ सालचा लेख हा दोन वेगळ्या कामांचा जोड आहे. मायर वैद्यकाच्या बाजूने आले होते. कॅपलन बेल लॅबमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतात ते पाहत होते. ट्यूब गावी निघून जात नाही. आपला रुग्ण जातो. मुंबईत ऑपरेशन होतं, रेडिएशन होतं, आणि तो गोरखपूरला, दरभंग्याला, नाहीतर गडचिरोलीला परततो. पहिलं वर्ष येतो. मग दोन प्रकारचे लोक यायचे थांबतात. एक म्हणतो, बरं आहे तर तिकिटाचे पैसे आणि चार दिवसांची मजुरी कशाला घालवू? दुसरा यायच्या अवस्थेतच नसतो. घरचे म्हणतात, आता मुंबईला नेऊन काय करायचं? तुमच्या एक्सेलमध्ये दोघांची नोंद सारखीच: शेवटची भेट अमुक तारखेला, ‘आजार नाही’, सेन्सॉर्ड. आलेखाची पद्धत गृहीत धरते की न आलेल्याचं भवितव्य येत राहिलेल्यासारखंच आहे. पहिल्या प्रकारचे जास्त असतील तर तुमचे ४१ टक्के कमी दाखवतायत, दुसऱ्या प्रकारचे जास्त असतील तर भरमसाट जास्त. कुठलं सॉफ्टवेअर हे सांगणार नाही.

एकदा एका अभ्यासात आम्ही याहून वाईट केलं होतं. ज्यांच्या मृत्यूची खबर आलेली नाही ते अभ्यास बंद होण्याच्या तारखेपर्यंत जिवंत, असं कोणीतरी डेटा भरताना ठरवलं आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. आलेख काय सुंदर आला होता! शेपटी पट्टीने आखावी तशी. रजिस्ट्रीच्या, म्हणजे कर्करोग नोंदणीच्या, कामात अशा नोंदींना ‘अमर’ म्हणतात: मेलेली, पण आपल्या वहीत न मेलेली माणसं. आपले सात चिरंजीव पुरे नव्हते म्हणून आम्ही आणखी काही डझन निर्माण केले होते. नंतर आमच्या मेडिकल सोशल वर्कर बाईंनी केस पेपरवरचे पत्ते काढून जोडकार्डं पाठवली, शेजारच्या दुकानाचे, सरपंचाचे फोन शोधून काढले. उत्तरं येत गेली तशी शेपटी खाली उतरत गेली. मग क्युअर मॉडेल बसवायचा विषयच उरला नाही.

आपल्याकडे हे काम नीट करणारे आहेत. मुंबईची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केली, देशातली पहिली. सोलापूर जिल्ह्यात बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून आहे. तिथे माणूस गावात जाऊन चौकशी करतो. बार्शीच्या कामाबद्दल मला जो आदर आहे तो कुठल्याही नव्या पॅकेजबद्दल नाही. तुम्ही ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्ससर्व्हक्युअर हे क्युअर मॉडेलचं पॅकेज चालवायला एक संध्याकाळ दिलीत, त्या अठरा जणांना आणि त्याआधी गळालेल्यांना फोन करायला दोन आठवडे द्या. प्रत्येक गळालेल्याची नोंद तीन प्रकारांत करा: जिवंत आणि बरा, मृत, खरोखरच पत्ता नाही. फोन करणाऱ्याला आलेख दाखवू नका. आणि उरलेल्या बेपत्तांवर दोन टोकांचे हिशेब करा: सगळे शेवटच्या भेटीनंतर सहा महिन्यांत आजारी पडले असं धरून एक, सगळे आजपर्यंत ठणठणीत असं धरून एक. दोन्हींत ‘ब’ ३५ ते ४३ मध्ये राहिला तर तुमच्या आकड्याला पाय आहेत. १५ ते ५० असा हलला तर तो आकडा छापू नका.

रिव्ह्यूअर बहुधा पुढे म्हणेल की एकूण जगण्यावरही, म्हणजे कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू मोजून, तेच मॉडेल लावा. तसंच्या तसं लावू नका. एकूण जगण्याचा आलेख सपाट होणं म्हणजे पंचावन्न वर्षांचा माणूस अमर होणं. तिथे सर्वसाधारण लोकसंख्येतल्या त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या माणसाचं अपेक्षित जगणं बाहेरून गुणावं लागतं:

एकूण जगणं = अपेक्षित जगणं × [ब + (१ − ब) × न]

इथे ‘न’ म्हणजे उरलेल्यांपैकी कर्करोगाने न दगावलेले. अपेक्षित जगण्यासाठी नमुना नोंदणी योजनेच्या राज्यवार, ग्रामीण-शहरी जीवनसारण्या (कोणत्या वयात किती जण दगावतात याचे तक्ते) मिळतात. त्याही आपल्या रुग्णाला पुऱ्या बसत नाहीत. वीस-तीस वर्षं तंबाखू, मिश्री, गुटखा आणि बरोबर बिडी असलेला माणूस हृदयविकाराने, क्षयाने, फुप्फुसाच्या आजाराने शेजाऱ्यापेक्षा आधी जातो. सारणी शेजाऱ्याची आहे. ते जादा मृत्यू मग कर्करोगाच्या खात्यावर पडतात आणि ‘ब’ कमी दिसतो. मृत्यूच्या दाखल्यावरच्या कारणावर विसंबावं, तर तिथे ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलेलं असतं, ज्याने प्रत्येकच माणूस मरतो. म्हणून तुमच्या अभ्यासापुरतं आजारमुक्त जगण्यावरच राहा आणि इतर कारणांचे मृत्यू स्पर्धी घटना (आजार उलटण्याआधीच येऊन ती शक्यता संपवणाऱ्या) म्हणून वेगळे दाखवा.

चलांबद्दल, म्हणजे मॉडेलमध्ये घालायच्या वय, स्टेज अशा गोष्टींबद्दल, एकच सांगते. क्युअर मॉडेलमध्ये स्टेज दोन ठिकाणी बसू शकते: बरं होण्याच्या शक्यतेत आणि न बऱ्या होणाऱ्यांचा आजार किती लवकर उलटतो त्यात. दोन्हीकडे आठ-आठ चलं घातलीत तर मॉडेल कसंबसं बसेल, पण गुणांक एकमेकांच्या खिशातले पैसे घेत राहतील. स्टेज, मानेतल्या गाठी आणि कापलेल्या कडांची स्थिती इतकीच घाला. आणि ‘ब’ची विश्वासमर्यादा सॉफ्टवेअरने छापलेल्या प्रमाणदोषावरून न घेता प्रोफाइल लाइकलीहूडने (‘ब’च्या वेगवेगळ्या किमतींना माहिती किती जुळते ते पाहून) किंवा बूटस्ट्रॅपने (त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून) काढा. ती तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट रुंद निघाली तर घाबरू नका, तीच खरी.

कुठल्या आजाराला हे मॉडेल शोभतं हे आधी आजाराला विचारायचं असतं. पसरलेल्या मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) चेकमेट ०६७ चाचणी पाहा: निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन इम्युनोथेरपीची औषधं एकत्र दिलेल्या गटात पाच वर्षांनी ५२ टक्के जिवंत, दहा वर्षांनी ४३, एकट्या इपिलिमुमॅबच्या गटात २६ आणि १९. तिथे शेपटीवर खरी माणसं उभी आहेत, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत आजार न वाढलेल्यांपैकी दोन औषधांच्या गटात दहा वर्षांपर्यंत मेलानोमाच्या मृत्यूपासून ९६ टक्के वाचले. तो सपाटपणा दहा वर्षं थांबून कमवलेला आहे.

याच्या उलट हार्मोन-संवेदनशील स्तनाचा कर्करोग. पाच वर्षं हार्मोनविरोधी औषधं घेऊन आजारमुक्त राहिलेल्या ६२,९२३ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास २०१७ साली आला. पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार दूरवर उलटतच राहिला, एका संथ गतीने: गाठ लहान आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्यांतही १३ टक्के, गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि चार ते नऊ ग्रंथींत पसरलेला असेल तर ४१ टक्के. हा आलेख सपाट होत नाही. सात वर्षांच्या फॉलो-अपवर क्युअर मॉडेल लावलं तर ते बसेल, आकडाही देईल, आणि तो आकडा खोटा असेल. तिसरा नमुना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाचा. रुग्ण रोज गोळी घेऊन जवळजवळ इतरांइतकं जगतो. गणिताच्या दृष्टीने तो ‘बरा’, पण गोळी बंद केली तर पुष्कळांचा आजार परततो. तुमचा तोंडाचा कर्करोग मेलानोमाच्या बाजूला झुकतो, म्हणून रिव्ह्यूअरची सूचना मी मूर्खपणाची मानत नाही.

तर थिसिसमध्ये आत्ता काय लिहाल? कॅपलन-मायर आलेख चार वर्षांपाशी कापा आणि त्याखाली दरवर्षी पाहणीत किती जण उरले ते छापा. दोन वाटण्यांनी आलेले दोन्ही ‘ब’ विश्वासमर्यादांसह द्या आणि हे आकडे फॉलो-अपच्या पलीकडच्या गृहीतकावर टेकलेले आहेत असं त्याच परिच्छेदात म्हणा, मर्यादांच्या यादीत सातव्या क्रमांकावर नाही. उपचारांची तुलना करायची असेल तर चार वर्षांपर्यंतचा सरासरी आजारमुक्त काळ द्या. तो शेपटीवर अवलंबून नसतो.

राहिला ओपीडीतला माणूस. तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारतो तेव्हा ‘ब’ सांगून उपयोग नसतो. त्याला १०० पैकी ३९ मध्ये आपण आहोत का हे हवं असतं, आणि ते कोणालाच ठाऊक नाही. पण तो दोन वर्षांनी तुमच्यासमोर आजाराशिवाय बसलेला असतो तेव्हा गणित बदललेलं असतं. वरचंच काल्पनिक उदाहरण घ्या. सुरुवातीला बरं असण्याची शक्यता ४० टक्के. दोन वर्षं आजारमुक्त राहिलेल्याची ४० भागिले ५५, म्हणजे सुमारे ७३ टक्के. तीन वर्षांनी ८४. पाच वर्षांनी ९५च्या वर. मॉडेल एकच, पण माणूस जितका पुढे आला तितकं त्याचं उत्तर बदललं. फोन झाल्यावर, दोन टोकांच्या हिशेबानंतर तुमचा ‘ब’ टिकला, तर त्यावरून असा तक्ता करून ओपीडीच्या भिंतीवर लावा, तुमच्यासाठी, रुग्णासाठी नाही. रुग्णाला तोंडी सांगा: ‘पहिल्या दिवशी होती त्यापेक्षा भीती आता खूप कमी आहे.’

‘मग आता यायला नको ना?’ हे तो हमखास विचारेल. यायला हवं. हे सगळं मॉडेल एका गाठीपुरतं आहे. ज्या तोंडाने वीस वर्षं तंबाखू धरली त्याच्या दुसऱ्या गालात नवा, वेगळा कर्करोग उगवण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो, आणि तो या समीकरणात कुठेच नाही. तेव्हा पाच वर्षांनंतरही त्याला दिव्याखाली बसवा, कवळी असेल तर काढायला सांगा, जीभ बाहेर घ्या आणि दोन्ही गाल बोटाने चाचपून पाहा.